नवी लिनक्स शेजारी टाकली आणि जुनी दीड मिनिट अडकायला लागली: कारण आणि कायमचा उपाय

लॅपटॉप सुरू करायचा, मेन्यूतून जुनी सिस्टीम निवडायची, आणि मग नुसतं बघत बसायचं. मधलं चिन्ह येतं, खालचे ठिपके लुकलुकतात, पुढं काहीच होत नाही. या वेळी कीबोर्डवरचं एस्केप दाबा. चिन्ह बाजूला होतं आणि मागचा खरा मजकूर दिसतो. चौकोनी कंसात लाल तारका इकडून तिकडे सरकत असतात, शेजारी 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर' असं लिहिलेलं असतं, त्यापुढं एक लांबलचक क्रमांक आणि शेवटी सेकंद मोजणारा आकडा. १२ सेकंद, १३ सेकंद, आणि त्याला जोडून मर्यादा: १ मिनिट ३० सेकंद. तेवढा वेळ भरला की सिस्टीम मुकाट्यानं सुरू होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

एका लिनक्सवरून दुसऱ्या लिनक्सवर जाताना हा त्रास इतक्या जणांना होतो, आणि त्यावर इतके जण 'जुनी पुसून टाका' असं सांगून मोकळे होतात, की हे सविस्तर लिहावंसं वाटलं. जुनी सिस्टीम बिघडलेली नसते. पुसायची तर अजिबात गरज नसते. एका फाइलमधली एक ओळ बदलली की काम होतं.

माझ्या लॅपटॉपवर २०१६ पासून उबुंटू ही लिनक्स होती. १६.०४ टाकली होती, तिचीच अपग्रेड करत १८.०४ आणि मग २०.०४ पर्यंत आलो. मे २०२५ मध्ये २०.०४ ची नेहमीची मुदत संपली. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ ही दुसरी लिनक्स आली आणि मी तिकडे जायचं ठरवलं. जुनी सिस्टीम लगेच पुसायची नाही, महिनाभर दोन्ही शेजारीशेजारी ठेवायच्या, हा माझा पहिल्यापासूनचा नियम. प्रिंटर, मराठी कीबोर्ड, बँकेची कामं, सगळं नव्या जागी नीट बसलं की मगच जुनीला निरोप द्यायचा. डिस्कवर मोकळी जागा काढली, डेबियन टाकली, ती छान सुरू झाली. उबुंटू मात्र त्या दिवसापासून दीड मिनिट अडायला लागली.

आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त काकांच्या कॉम्प्युटरवरही मीच असंच केलं होतं. आठवड्यानं त्यांचा फोन आला. "अरे, तू ते नवीन घातल्यापासून जुनं फार रडतंय. सुरू व्हायला वेळ लावतं आणि ब्राउझर उघडला की गोठतंच. पुसून टाक एकदाचं."

"काका, फोटो कुठल्या सिस्टीममध्ये आहेत?"

"सगळे जुन्यातच की. ताईच्या लग्नाचेसुद्धा."

"मग हात लावू नका, मी संध्याकाळी येतो."

काकांच्या बोलण्यातला दुसरा भाग महत्त्वाचा होता. नुसतं उशिरा सुरू होणं नाही, तर वापरताना गोठणं. दोन्हींचं मूळ एकच आहे, ते पुढं येईल.

पुढं जाण्याआधी एक सूचना. सगळ्या आज्ञा मी देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा द्यायच्या खिडकीत, टाइप करताना त्या रोमन छोट्या अक्षरांत लिहायच्या आणि जिथं 'डॅश' म्हटलंय तिथं उणेचं चिन्ह द्यायचं. फक्त यूयूआयडी, पार्टयूयूआयडी आणि रिझ्यूम हे शब्द (त्यांचा अर्थ पुढं येईल) फाइलमध्ये मोठ्या अक्षरांत असतात, ते तसेच ठेवायचे.

आधी खात्री करून घेऊ. जुनी सिस्टीम एकदाची सुरू झाली की टर्मिनल उघडा आणि 'फ्री डॅश एच' चालवा. दोन ओळी येतील, एक रॅमची आणि एक स्वॅपची, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेची. स्वॅपच्या ओळीत सगळीकडे शून्य दिसत असेल आणि पूर्वी तुमच्याकडे स्वॅप होतं, तर निदान जवळपास झालंच. मग 'जर्नलसीटीएल डॅश बी' चालवा आणि त्यात 'टाइम्ड आउट वेटिंग फॉर डिव्हाइस' अशी ओळ शोधा. तिच्यात तोच लांब क्रमांक असतो जो सुरू होताना पडद्यावर दिसला होता. तो कागदावर लिहून घ्या. सगळा ३६ अक्षरांचा असतो. पहिली चार आणि शेवटची चार लिहिलीत तरी चालेल.

आता 'एलएसबीएलके डॅश एफ'. ही आज्ञा डिस्कवरची सगळी पार्टिशन्स (डिस्कचे पाडलेले भाग), त्यांचा प्रकार आणि प्रत्येकाचा यूयूआयडी, म्हणजे ओळखीचा लांब क्रमांक, दाखवते. स्वॅप प्रकारची ओळ शोधा आणि तिचा यूयूआयडी कागदावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. काकांकडे कागदावर शेवटची चार अक्षरं '७एफ२सी' होती आणि पडद्यावर 'डी०४१'. पार्टिशन जागच्या जागी होतं, आकारही तोच होता, फक्त क्रमांक वेगळा.

का बदलला? डेबियनचा इन्स्टॉलर डिस्कवर आधीचं स्वॅप पार्टिशन दिसलं की ते आपल्याही कामाला घेतो आणि घेताना नव्यानं फॉरमॅट करतो. स्वॅपमध्ये जपून ठेवण्यासारखं काही नसतं, म्हणून त्याच्या दृष्टीनं यात काही गैर नाही. पण फॉरमॅट झालं की यूयूआयडी नवा मिळतो. नव्या सिस्टीमनं तो स्वतःच्या फाइलमध्ये लिहून घेतला, म्हणून ती झटपट सुरू होते. जुनीच्या ईटीसी फोल्डरमधल्या एफएसटॅब या फाइलमध्ये मात्र जुनाच क्रमांक राहिला.

घर तेच, पण दारावरची पाटी बदलली. पत्ता जुन्या पाटीचा, म्हणून पोस्टमन गल्लीत शोधत उभा राहतो. किती वेळ उभा राहायचं ते लिनक्स सुरू करणाऱ्या सिस्टमडी या व्यवस्थेत ठरलेलं आहे: न सापडणाऱ्या डिव्हाइससाठी ९० सेकंद. तिथून आले दीड मिनिट. त्यानंतर सिस्टीम स्वॅप सोडून देऊन पुढं जाते. म्हणजे ती चालू होते, पण स्वॅपशिवाय. काकांच्या कॉम्प्युटरमध्ये रॅम ४ जीबी. ब्राउझरमध्ये आठदहा टॅब उघडले की रॅम भरायची आणि टेकायला दुसरी जागाच नव्हती. 'रडतंय' ते यामुळं. नवी सिस्टीम त्याच रॅमवर नीट चालते, कारण स्वॅप तिच्या हाताशी आहे, आणि माणसाला वाटतं की जुनी खरंच म्हातारी झाली.

आता दुरुस्ती. ती जुन्या सिस्टीममध्ये राहूनच करायची, कारण बदलायची फाइल तिची आहे.

पहिलं काम, फाइलची प्रत काढून ठेवणं: 'सुडो सीपी' (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकारानं), मग एफएसटॅबचा पूर्ण पत्ता, म्हणजे 'स्लॅश ईटीसी स्लॅश एफएसटॅब', मग त्याच पत्त्यापुढं 'डॉट बॅक' जोडून. हे चुकवू नका. एफएसटॅबमध्ये मूळ फोल्डरची किंवा होमची ओळ चुकून बिघडली, तर सिस्टीम दीड मिनिट थांबून पुढं जात नाही, इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन पडते. नवख्या माणसाला तिथून बाहेर येणं जड जातं.

मग 'सुडो नॅनो' आणि एफएसटॅबचा पत्ता देऊन फाइल उघडा. स्वॅप हा शब्द असलेली ओळ शोधा. तिच्या सुरुवातीला यूयूआयडी, बरोबरचं चिन्ह आणि जुना क्रमांक असतो. हॅशच्या खुणेनं सुरू होणाऱ्या ओळी नुसत्या टिपा असतात, त्यांना हात लावायचा नाही. जुना क्रमांक खोडून एलएसबीएलकेनं दाखवलेला नवा घाला. हातानं टाइप करू नका. माउसनं निवडा आणि चिकटवा. शून्य आणि ओ यांची गल्लत ३६ अक्षरांत कुठं झाली ते नंतर सापडत नाही.

फाइल जतन केल्यावर लगेच रीस्टार्ट करायची घाई नको. 'सुडो फाइंडएमएनटी डॅश डॅश व्हेरिफाय' चालवा; ही आज्ञा एफएसटॅब तपासून चुका सांगते. मग 'सुडो सिस्टमसीटीएल डीमन डॅश रीलोड' आणि 'सुडो स्वॅपऑन डॅश ए'. आता पुन्हा 'फ्री डॅश एच' पाहा. स्वॅपच्या ओळीत शून्याच्या जागी आकडा आला असेल. काकांकडे ३.९ जीबी आले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. रीस्टार्ट करून पाहिलं, तर तारका दिसल्याच नाहीत.

ज्यांचं स्वॅप एन्क्रिप्टेड आहे त्यांनी मात्र ही कृती जशीच्या तशी करू नये. त्यांच्या एफएसटॅबमध्ये मॅपर असा शब्द दिसेल आणि खरी नोंद क्रिप्टटॅब या वेगळ्या फाइलमध्ये असेल. तिथलं सगळं समजल्याशिवाय काही बदलायचं नाही.

काही जणांकडे एवढं करूनही साधारण अर्धा मिनिट अडकतंच. माझ्या लॅपटॉपवर तसंच झालं. तारका गेल्या, पण त्याच्याही आधी, अगदी सुरुवातीला, काळ्या पडद्यावर शांतता. मग एक ओळ: 'गेव्ह अप वेटिंग फॉर सस्पेंड रिझ्यूम डिव्हाइस'. जुना क्रमांक आणखी एका ठिकाणी लिहिलेला असतो आणि ते ठिकाण हमखास विसरलं जातं. उबुंटू, मिंट आणि डेबियनमध्ये ईटीसीच्या आत इनिटरॅमएफएस डॅश टूल्स नावाचा फोल्डर आहे, त्यात कॉन्फ डॉट डी, आणि त्यात रिझ्यूम नावाची (नाव छोट्या अक्षरांत) एका ओळीची फाइल. हायबरनेट केलेला, म्हणजे रॅममधलं सगळं स्वॅपमध्ये लिहून बंद केलेला, कॉम्प्युटर पुन्हा उठवताना आधीची स्थिती कुठून वाचायची ते तिथं लिहिलेलं असतं. स्वॅप एकाच सिस्टीमचं असेल आणि तुम्ही हायबरनेट वापरत असाल तर नवा क्रमांक घाला; स्वॅप सामायिक असेल तर हायबरनेट का नको ते पुढं सांगतो. वापरत नसाल, आणि बहुतेक जण वापरत नाहीत, तर रिझ्यूम, बरोबरचं चिन्ह आणि 'नन' एवढंच लिहा. नन छोट्या अक्षरांत.

नुसती फाइल बदलून भागत नाही, हे मला पहिल्या वेळी एक संध्याकाळ घालवून कळलं. ही नोंद सुरुवातीच्या बूट प्रतिमेत (सिस्टीम सुरू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या फाइलीत) आधीच बांधून ठेवलेली असते. म्हणून 'सुडो अपडेट डॅश इनिटरॅमएफएस डॅश यू डॅश के ऑल' चालवून प्रतिमा नव्यानं बांधायची. शेवटचा 'ऑल' महत्त्वाचा. तो नसेल तर फक्त सगळ्यात नव्या कर्नलची (सिस्टीमच्या गाभ्याची) प्रतिमा बदलते, आणि एखाद्या दिवशी मेन्यूतून आधीचं कर्नल निवडलंत तर पुन्हा तीच अडचण.

इथं थांबलो असतो तर हा लेख निम्माच झाला असता, कारण हा त्रास परत येतो. दोन महिन्यांनी पार्टिशनची मांडणी मनासारखी नव्हती म्हणून मी त्याच लॅपटॉपवर डेबियन पुन्हा पहिल्यापासून टाकली. स्वॅप पुन्हा फॉरमॅट झालं, क्रमांक पुन्हा बदलला, उबुंटू पुन्हा अडली. नव्या नव्या लिनक्स चाखून बघायची ज्यांना आवड आहे त्यांना हे दर वेळी भोगावं लागतं, आणि गंमत म्हणजे अडकणारी सिस्टीम दर वेळी वेगळी असते. काल जी नवी होती, ती आज जुनी झालेली असते.

यावरचा उपाय समजायला जमिनीचं उदाहरण घ्या. घर पाडून नवं बांधलं, दारावरची पाटी बदलली, तरी सातबाऱ्यावरचा गट क्रमांक तोच राहतो. जमिनीचेच पोटहिस्से पाडले तरच तो बदलतो. डिस्कचंही अगदी तसंच आहे. यूयूआयडी हा स्वॅपच्या आत लिहिलेला असतो, म्हणून फॉरमॅट केलं की जातो. पण आजच्या जीपीटी पद्धतीच्या डिस्कवर प्रत्येक पार्टिशनला आणखी एक क्रमांक असतो, पार्टयूयूआयडी. तो पार्टिशनच्या आत नसून डिस्कच्या सुरुवातीच्या नोंदवहीत असतो. आतलं कितीही वेळा फॉरमॅट करा, तो हलत नाही. पार्टिशनच उडवून नवं केलं तरच बदलतो.

तेव्हा 'सुडो बीएलकेआयडी' चालवा. स्वॅपच्या ओळीत आधी यूयूआयडी आणि शेवटाकडे पार्टयूयूआयडी दिसेल. एफएसटॅबमधल्या स्वॅपच्या ओळीत यूयूआयडी हा शब्द काढून पार्टयूयूआयडी लिहा आणि पुढं तो दुसरा क्रमांक घाला. बीएलकेआयडी तो अवतरण चिन्हांत दाखवते; ती चिन्हं घ्यायची नाहीत. बाकीची ओळ जशी आहे तशी. हे दोन्ही सिस्टीममध्ये करा, जुन्याही आणि नव्याही. रिझ्यूमच्या फाइलमध्ये 'नन' असेल तर तिकडे पुन्हा बघायलाही नको. हे केल्यावर मी मुद्दाम तिसऱ्यांदा स्वॅप फॉरमॅट करून पाहिलं. दोन्ही सिस्टीम न अडकता आल्या.

डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर पार्टयूयूआयडी आखूड असतो आणि त्याच्या शेवटी पार्टिशनचा अनुक्रमांक जोडलेला असतो. तिथं एखादं लॉजिकल पार्टिशन काढलं की पुढच्यांचे अनुक्रमांक सरकतात आणि हा आधारही सरकतो. अशा डिस्कवर दुसरा मार्ग बरा: प्रत्येक सिस्टीमला तिची स्वतःची स्वॅप फाइल द्यायची आणि सामायिक पार्टिशनची ओळच एफएसटॅबमधून काढून टाकायची. उबुंटू १७.०४ पासून नव्या इन्स्टॉलमध्ये असंच करते, म्हणून ज्यांनी अलीकडे उबुंटू टाकली त्यांना हा त्रास माहीतच नसतो. माझ्यासारखे जुन्या इन्स्टॉलवर अपग्रेड करत आलेले लोक यात सापडतात, कारण अपग्रेडमध्ये स्वॅप पार्टिशन तसंच पुढं येतं.

आणि ज्यांनी नवी सिस्टीम अजून टाकलेली नाही त्यांनी हे आधीच टाळावं. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये पार्टिशनची पायरी आली की हातानं मांडणी करायचा पर्याय घ्या, स्वॅपच्या ओळीवर जा आणि 'यूज अ‍ॅज' च्या पुढं 'डू नॉट यूज' निवडा. नवीला स्वॅप नंतर पार्टयूयूआयडीनं जोडता येतं. पुढंपुढं करत एंटर दाबत गेलात की ही संधी गेली.

एफएसटॅबच्या ओळीत थांबण्याची मुदत ९० वरून ५ सेकंदांवर आणायचा पर्यायही लोक सुचवतात. तो चालतो, पण मी कुणाला सांगत नाही. त्यानं फक्त वाट बघणं कमी होतं, स्वॅप मिळत नाहीच. काकांचा ब्राउझर गोठतच राहिला असता.

एक गोष्ट मात्र फार गांभीर्यानं घ्या. दोन सिस्टीम एकाच स्वॅपवर असतील तर हायबरनेट दोन्हींमध्ये बंद ठेवा. हायबरनेट करताना रॅममधलं सगळं स्वॅपमध्ये लिहिलं जातं. जुनी अशी झोपवली आणि मेन्यूतून नवी सुरू केली, तर झोपलेलीचं सगळं बाड तिथंच हरवू शकतं. होम पार्टिशनही सामायिक असेल तर धोका त्याहून मोठा. झोपलेल्या सिस्टीमच्या आठवणीत होमचं एक चित्र असतं, मधल्या वेळात दुसरीनं तिथं फाइली बदललेल्या असतात. पहिली उठते ती जुनं चित्र खरं मानून लिहायला लागते, आणि फाइल सिस्टीम बिघडते. लग्नाचे फोटो जायचे ते असे. दीड मिनिटाचा उशीर नुसता त्रासदायक असतो. हे नुकसान भरून येत नाही. लॅपटॉप मिटून ठेवायचा असेल तर साधं सस्पेंड वापरा, त्यात स्थिती रॅममध्येच राहते, आणि सिस्टीम बदलायची असेल तर आधीची पूर्ण बंद करून मगच दुसरी सुरू करा.

महिना झाला, नवी सिस्टीम मनासारखी बसली आणि आता जुनी खरंच काढायची आहे, अशी वेळ आली तर आधी सुरुवातीचा मेन्यू कोणाच्या ताब्यात आहे ते पाहा. यूईएफआय (कॉम्प्युटर सुरू होण्याची नवी पद्धत) असलेल्या कॉम्प्युटरवर 'ईएफआयबूटएमजीआर' ही आज्ञा क्रम दाखवते. त्यात उबुंटू वर आणि डेबियन खाली असेल, तर उबुंटूचं पार्टिशन पुसल्यावर मेन्यू यायच्या ऐवजी ग्रबची, म्हणजे मेन्यू दाखवणाऱ्या प्रोग्रामची, रिकामी ओळ लुकलुकत राहील. आधी डेबियन वर आणा, एकदा रीस्टार्ट करून खात्री करा, मग पुसा. उलट, नवी टाकल्यावर मेन्यूत जुनी दिसतच नसेल तर ती गेलेली नाही. ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून शेजारच्या सिस्टीम शोधणारा ओएस प्रोबर आपोआप चालत नाही. तो ईटीसीतल्या डिफॉल्ट फोल्डरमधल्या ग्रब फाइलमध्ये चालू करून 'सुडो अपडेट डॅश ग्रब' करावं लागतं.

काकांनी जुनी अजून काढलेली नाही. फोटो त्यांनी एका बाहेरच्या डिस्कवर घेतले, मग त्याची आणखी एक प्रत ताईकडे पाठवली. मी घरी निघालो तेव्हा त्यांनी त्या दिवशीचा कागद, ज्यावर '७एफ२सी' आणि 'डी०४१' लिहिलं होतं, कॉम्प्युटरच्या मागं चिकटपट्टीनं लावून ठेवला होता. त्याच्या खाली त्यांच्याच अक्षरात पार्टयूयूआयडी, पूर्ण, सगळी अक्षरं.